निवेदनाखालची सही

आमच्या संघटनेची रीत ठरलेली आहे. आधी काळी फीत, मग निवेदन, मग चर्चा. प्रश्न पाण्याच्या टाकीचा असो नाहीतर बढतीचा, क्रम बदलत नाही. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करते आणि शिक्षकेतर कर्मचारी संघटनेची चिटणीस आहे. भांडायला मला आवडतं, हे आधीच सांगितलेलं बरं.

मे महिन्यात कळलं की चौकशीच्या खिडकीवर आता माणूस बसणार नाही. विद्यार्थ्यांनी मोबाईलवर विचारायचं, एआयने उत्तर द्यायचं. खिडकीवर बसणारी आमची मैत्रीण कंत्राटी. दर जूनला तिचं कंत्राट वाढवून मिळायचं, यंदा मिळणार नव्हतं. ती कळंब्याहून येते आणि घरात कमावणारी एकटीच आहे. बातमी ऐकून ती रडली नाही, फक्त उघडलेला डबा तसाच झाकून ठेवला. ते बघून माझं डोकं फिरलं.

बैठकीत बहुतेकांचं एकच म्हणणं होतं, एआय नकोच.

“कॉम्प्युटर आला तवाबी आपण हेच म्हणालतो,” मी म्हणाले. “आता तो बंद पडला की पहिली बोंब आपलीच असती. येणारं येणार. ते कुणाच्या हातात ऱ्हाणार, त्याच्यावर भांडू या की.”

थोडी कुरबुर झाली, पण पटलं. फिती लागल्या. निवेदन अध्यक्षांनी लिहायचं ठरलं. आमचे अध्यक्ष मंगळवार पेठेतले. आवाज असा की माईक लागत नाही, लिहायचा मात्र भारी कंटाळा.

प्राचार्यांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचे एक पदाधिकारीही होते. मैत्रीण माझ्या शेजारी बसली. प्राचार्यांनी निवेदन मोठ्याने वाचायला सुरुवात केली: “आपण कुशल असाल अशी आशा आहे.” तिथेच थांबून त्यांनी चष्मा काढला.

“अध्यक्ष, तुमचं निवेदन आजवर इशाऱ्यानं सुरू व्हायचं. आज एकदम खुशाली विचारताय? कुणी लिहिलं हे?”

अध्यक्षांना खोटं बोलता येत नाही. “मोबाईलनं लिवलंय, सर. एआयला सांगिटलं. पण मुद्दे आमचंच हायत.”

पदाधिकारी खो खो हसले. मैत्रिणीचं तोंड उतरलं. एआयविरुद्धची तक्रार एआयकडून लिहून घेणारी संघटना अख्ख्या जिल्ह्यात आमचीच असेल. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार काय? पण तेवढ्यात मला वाट दिसली.

“व्हय सर, एआयनंच लिवलंय,” मी म्हणाले. “खाली सही कुणाची हाय?”

“अध्यक्षांची.”

“चूक निघाली तर कुणाला बोलवणार?”

“त्यांनाच.”

“मग खिडकीवरच्या उत्तराखाली कुणाची सही असणार? फॉर्मची तारीख चुकीची सांगिटली आणि पोरीचं वर्ष गेलं, तर तिच्या बापानं कुणाच्या टेबलाम्होरं उभं ऱ्हायचं?”

पदाधिकाऱ्यांचं हसू थांबलं. प्राचार्य माणूस सरळ आहे. ते म्हणाले, “माझ्याच.”

त्यानंतरची चर्चा सोपी गेली. एआयने उत्तराचा मसुदा करायचा, खिडकीवरच्या माणसाने तो तपासायचा आणि स्वतःच्या नावाने पाठवायचा. त्याचं प्रशिक्षण कॉलेजने द्यायचं, कामाच्या वेळेत. एआयचं कारण सांगून कुणालाही घरी बसवायचं नाही. मैत्रिणीचं कंत्राट वाढलं, पण वर्षभरासाठीच. मला ते ठाऊक आहे. पुढच्या वेळी परत भांडू आणि परत मिळवू, त्याची मला धास्ती वाटत नाही.

नव्या पद्धतीच्या पहिल्या दिवशी मी मुद्दाम खिडकीपाशी गेले. आजवर काचेपलीकडून सगळे तिला नुसतं “ओ बाई” म्हणायचे. आता तिच्या प्रत्येक उत्तराखाली तिचं नाव जात होतं. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला, तिने स्पीकर लावला. नृसिंहवाडीकडच्या एका मुलीला वसतिगृहाचं काहीतरी विचारायचं होतं. तिने आधी आमच्या मैत्रिणीचं नाव घेतलं, आडनावासकट, आणि त्या मॅडम आहेत का, असं विचारलं.

मैत्रीण खुर्चीत सरळ बसली.

“बोल की बाळ,” ती म्हणाली, “मीच हाय.”