ती काय म्हणाली?

मिहिर, सई,

गेल्या महिन्यात मिहिरने फोनवर विचारलं होतं, "आजी, त्या जुन्या इंग्रजी सिनेमांत काळी माणसं फक्त नोकर असायची. तुम्हांला तेव्हा खटकलं नाही?" मी म्हटलं, शकूआजीला विचारून सांगते. ते राहून गेलं, म्हणून आता मीच लिहिते आहे. शकूला जाऊन तीन आठवडे झाले. तिच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी वाटाणे सोलत होते. फोन ठेवला आणि उरलेले सोलून टाकले. रडू अजून आलेलं नाही...

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची वर्षं होती. लालबागच्या एका शाळेत मी इंग्रजी शिकवत असे, शकू मराठी. मी गिरगावातून येई, ती परळच्या चाळीतून. तिच्या घरच्यांनी नुकतीच बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती. आई इस्पितळात झाडू मारायची. शनिवारी अर्ध्या दिवसाने शाळा सुटली की आम्ही दोघी फोर्टात इंग्रजी सिनेमाला जायचो. पडद्यावरचं भराभर इंग्रजी तिला समजत नसे. ती माझ्या डाव्या हाताला बसे आणि मी कानात मराठी सांगे. एकदा घोडे-बंदुकांचा सिनेमा होता. टेकडीवर पिसं लावलेले रेड इंडियन ओरडू लागले.

"काय म्हणतायत गं?"

"काही नाही, नुसते ओरडतायत."

"नुसतं कोण ओरडतं? परवा मोर्चात आपण काय नुसत्याच ओरडत होतो?"

पुढचे गृहस्थ वळून बघायला लागले. मी हसण्यावारी नेलं.

मग तो मोठ्या खांबांच्या बंगल्याचा सिनेमा आला. मालकीण रडत होती, काळी मोलकरीण तिचे केस विंचरत होती. मालकिणीचा शब्दन् शब्द मी सांगितला. सिनेमा सुटल्यावर शकू म्हणाली, "त्या बाईचं तोंड चार वेळा हललं. चारही वेळा तू गप्प."

"विशेष काही नव्हतं गं."

"माझी आई डॉक्टरांशी बोलते, तेही विशेष नसतं. पण बोलते." तिने पिशवी उचलली. "पुढच्या शनिवारी तुझी तू जा."

शाळेत ती कामापुरतं बोलू लागली. डबा खायला दुसऱ्या बाकावर बसायची. मी तो सिनेमा एकटीने पुन्हा पाहिला, फक्त त्या मोलकरणीचं बोलणं ऐकायला. सोमवारी मधल्या सुट्टीत शकूसमोर जाऊन बसले आणि पाठांतर म्हणावं तसं सगळं सांगितलं. पाणी तापलंय. शाल घ्या. पाहुणे आलेत. रडू नका, बाईसाहेब.

शकूने भाकरीचा घास संपवला. "आणि?"

"एवढंच."

"पूर्ण सिनेमाभर?"

"हो."

"म्हणजे तू एकटीनेच नाही गाळलं. सिनेमावाल्यांनीही गाळलंच की." मग चटणी माझ्याकडे सरकवली. "घे. शनिवारी काय लागलंय?"

मिहिर, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे. खटकलं ते शकूला. मला इंग्रजी येत होतं, तरी मला ऐकू आलं नव्हतं.

त्यानंतर कित्येक वर्षं आम्ही सिनेमे पाहिले, पुढे माझ्या घरी टीव्हीवर. परवा दुपारी तसलाच एक लागला होता. मोलकरीण ट्रे घेऊन आली, काहीतरी बोलली. मी डावीकडे कलून हळू आवाजात मराठीत सांगितलं, "चहा थंड होतोय, म्हणते."

खुर्ची रिकामी होती. सवय तेवढी राहिली आहे.