एकशे ब्याऐंशी दिवसांचा रेडिओ

रेडिओ-पंखे दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिक काकांच्या हाताला गुण होता, पण गिऱ्हाइकाला सांगायला त्यांच्याकडे एकच वाक्य होतं, "पार्ट यायचाय." बायको गेल्यापासून घरात बोलायला चिटपाखरू नाही, म्हणून काका नीट झालेली वस्तूही चार दिवस अडवून ठेवत. गिऱ्हाईक पुन्हा येई, चिडून दोन शब्द बोलून जाई. काकांना तेवढंही पुरे.

शाळेतून निवृत्त झालेल्या बाई मात्र कधी चिडल्या नाहीत. त्यांचा रेडिओ काकांनी पहिल्याच आठवड्यात दुरुस्त करून फळीवर मागे सारला होता. बाई दर गुरुवारी चारला येत, "झाला का हो?" विचारत आणि स्टुलावर बसून स्वतःच्या गुडघ्यांपासून दूरदेशीच्या सुनेपर्यंत सगळं सांगत. असे सहा महिने गेले.

सरकारचा नवा नियम काकांना ठाऊक होता, पण त्यांनी तो मनावर घेतला नव्हता. बिघडलेली विजेची वस्तू दुकानात एकशे ऐंशी दिवसच ठेवायची, पुढे ती कचरा. कचरा जायचा तो परवाना असलेल्या कारखान्यातच. तपासनीस नेमका गुरुवारीच ट्रक घेऊन आला. वहीतली तारीख पाहून त्याने रेडिओवर लाल चिठ्ठी चिकटवली.

"एकशे ब्याऐंशी दिवस. हा जाणार."

"अहो साहेब, गिऱ्हाइकाचा आहे तो!"

"मग चालू करून दाखवा. बंद असेल तर कचरा."

बाई स्टुलावरच होत्या. काकांनी गप्प राहावं तर बाईंचा रेडिओ भंगारात जाणार, दाखवावं तर सहा महिन्यांचं खोटं उघडं पडणार. शेवटी मान खाली घालून त्यांनी वायर लावली. मेला रेडिओ खणखणीत बातम्या सांगू लागला.

तपासनीस चिठ्ठी काढून, बाकीचं भंगार घेऊन गेला.

"चुकलं माझं, बाई," काका कसेबसे म्हणाले.

"मला माहीत होतं. एकदा लवकर आले होते, तेव्हा बाहेरूनच ऐकला होता मी तो वाजताना. म्हटलं, कशाला बोलून दाखवा?"

काकांनी रेडिओ कागदात गुंडाळून दिला. बाई दारात थांबल्या.

"आता गुरुवारी काय निमित्त काढून घराबाहेर पडू हो?"

काका उगाच वायर गुंडाळू लागले. कारणाशिवाय कुणाला बोलवायची त्यांना सवयच नव्हती. बाई निघून गेल्या.

पुढच्या गुरुवारी चारला काकांनी स्टूल पुसलं. पाच वाजेपर्यंत वाट पाहिली, आणि मग रिकाम्या स्टुलाकडे बघत म्हणाले, "असंच या ना, बाई."