संध्याकाळचा रिकामा रकाना

“दोन्ही प्रोग्रॅम फुकट, दोन्ही तेच गणित करतात. मग दोन कशाला?” बेळगावच्या बैठकीत डीनसाहेबांनी विचारलं. टेबलावर हार आधीच आणून ठेवले होते, त्यामुळे उत्तर काय हवंय ते कळत होतं.

एक प्रोग्रॅम माझा, निपाणीच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवताना लिहिलेला. दुसरा बेळगावच्या हिरेमठांचा. दोन्हींचा कोड खुला. कुणीही घ्यावा, बदलावा. विलीनीकरणाची पहिली पायरी साधी असते. दोघांना एकच डेटा द्यायचा आणि उत्तरं जुळतात का ते बघायचं.

डेटा मीच दिला, अभिमानानं. माझी विद्यार्थिनी सुजाता हिनं पीएचडीसाठी तंबाखूच्या वखारीतल्या बायकांचा दम मोजला होता. सकाळी कामाआधी आणि संध्याकाळी कामानंतर यंत्राच्या नळीत फुंकायचं. वर्षानुवर्षं काम केलेल्या जुन्या बायका आणि नुकत्याच लागलेल्या नव्या बायका यांच्या दमात फरक नाही, असं माझ्या प्रोग्रॅमनं तेव्हाही सांगितलं होतं, आताही सांगितलं. हिरेमठांचा म्हणाला, आहे. सकाळच्या आकड्यांतच आहे.

दोन दिवस चूक शोधली. मिळेना. मग रिकामे रकाने दिसले. एका बाईची एक ओळ असते. तिच्यात एक जरी रकाना रिकामा असला, तरी माझा प्रोग्रॅम सबंध ओळ टाकून देतो. हिरेमठांचा उरलेले आकडे वापरतो. पुस्तकांत दोन्ही पद्धती आहेत.

सुजाता आता चिकोडीला प्राध्यापक आहे. तिला फोन लावला.

“संध्याकाळचे रकाने रिकामे का गं?”

“जुन्या बायकांना दिवसभरानं फुंकायलाच यायचं न्हाय, सर. नळी तोंडाला लावली की खोकला. लई हाल व्हायचे.”

म्हणजे ज्यांचा दम सगळ्यात जास्त गेला होता, नेमक्या त्याच मी गाळल्या होत्या.

तिलाही ते कळलं असावं. म्हणाली, “बायकांनी धूळ ओढणारे पंखे मागितलेते, सर. मालकानं माझा रिपोर्ट पुढं केला. अजून भिंतीवर लावलाय त्यानं. आता नका उकरू. माझी नोकरी त्या पीएचडीवर हाय.”

हिरेमठांना सगळं सांगितलं.

“अण्णा, माझी पद्धत ठेवू की,” ते म्हणाले. “जुने निकाल परत काढू. चुकलं म्हणून सांगू, त्यात काय?”

“माझ्या प्रोग्रॅमवर कितीतरी प्रबंध उभे आहेत. जुने निकाल असे बदलता येत नाहीत.”

“कितीतरी, का एकच?”

मी डीनसाहेबांना अहवाल दिला. ‘दोन्ही प्रकल्पांची मूलतत्त्वे भिन्न असल्याने विलीनीकरण इष्ट नाही.’ डीनसाहेबांनी वैचारिक स्वातंत्र्यावर भाषण केलं. हार आणलेलेच होते, तेही घातले. हिरेमठांनी आपला काढून खुर्चीवर ठेवला.

वखारीत पंखे अजून नाहीत. मोफत प्रोग्रॅम वेगळे का राहतात, याची तांत्रिक कारणं कुणी विचारली तर मी तासभर सांगू शकतो. सगळी खरी आहेत.