एकतीस तारीख

आदिलाबादच्या एका कापसाच्या जिनिंग गिरणीत मी हजेरीचा कारकून होतो. पगारासाठी आम्ही प्रत्येक महिना तीस दिवसांचाच धरायचो. त्याच सवयीने, नोकरी सोडणाऱ्या काटेवाल्याच्या कागदावर मी शेवटचा दिवस तीस तारीख लिहिला. तो मात्र एकतीसलाही कापूस मोजायला आला होता, आणि दुपारी छातीत कळ येऊन थेट दवाखान्यात गेला. कंपनीचा विमा नोकरीच्या शेवटच्या दिवसापर्यंतच होता, म्हणून बिल नामंजूर झालं. चूक मला आठवड्यातच कळली. मालकाच्या भीतीने मी वर्षभर गप्प राहिलो.

निवृत्त झाल्यावर मी त्या काटेवाल्याला, मावल्याला, त्याच्या घरी जाऊन सगळं सांगितलं.

"भाऊजी, वर्षभर काऊन नाई बोलले?" त्याच्या बायकोने विचारलं.

मग मालकापुढे चूक कबूल केली. तो चिडला, पण एकतीसच्या हजेरीच्या नकलेवर त्याने सही केली. सोबत मी माझं कबुलीपत्र विमा कंपनीला दिलं. गेल्या महिन्यात पूर्ण बिल मंजूर झालं.

काटेवाला चहा पुढे करत म्हणाला, "आता तुमच्या महिन्यात एकतीस तारीख येते का, बाबू?"

"येते," मी म्हटलं, "अन् हजेरीही पूर्ण लागते."