शंकरप्पांचे प्रश्न

जळकोटात माणूस जरा रिकामा दिसला की लोक विचारतात, "काय, पेन्शन लागली का?" शंकरप्पांना हे कुणी कधी विचारलं नाही. साठी उलटली तरी त्यांच्या टेबलावर मिक्सर, मोटारीचा स्टार्टर, टेबलफॅन असं काही ना काही पोट उघडून पडलेलंच असतं. माझं झेरॉक्सचं दुकान त्यांच्या दुकानाला लागून आहे. मधली भिंत एका विटेची, त्यामुळे त्यांचा निम्मा संसार मला ऐकून पाठ आहे.

संसारात माणसं तीन. आप्पा, नीलाबाई आणि जर्मनीत नोकरीला गेलेली एकुलती मंजुश्री. लहानपणी ही पोरगी शाळेतून थेट दुकानात यायची. आप्पांनी कथलाचा डाग देऊन सांधा जोडायचा, हिनं वायर धरायची आणि तोंड सारखं चालू. हे का जळलं, ते उलटं लावलं तर काय होईल? आप्पा वैतागायचे, "अगं, तोंड हाय का रेडिओ?" आता रविवारी फोन येतो तो नीलाबाईंना. मायलेकींचं पोटभर बोलून झालं की फोन आप्पांकडं येतो. "जेवलात का?" "हाव. तू?" "जेवले." संपलं. मग आप्पा दिवसभर कुणावर तरी चिडून असतात, बहुतेक माझ्यावर.

गेल्या दिवाळीला मंजुश्री आली तेव्हा तिनं टेबलावर सुपारीच्या डबीएवढे तीन तुकडे ठेवले. एकमेकांत खटकन बसणारी इलेक्ट्रॉनिक वस्तू होती ती. एक तुकडा हवेची ऊब मोजतो, एक दिवा लावतो आणि एक या दोघांना हुकूम देतो. जगभरातली माणसं मिळून हे बनवतात, त्याचे नकाशे सगळ्यांना खुले असतात आणि नोकरी सांभाळून हीही त्यात काम करते. "आप्पा, मी हे करते," एवढं ती म्हणाली आणि तेवढ्यात पाहुणे आले. नंतर लातूरला गाडी गाठायची घाई झाली. तुकडे टेबलावरच राहिले.

संक्रांतीनंतर आप्पा ते घेऊन माझ्याकडं आले. "भुजंग, हे चालू करायचं. तुझा जुना लॅपटॉप दे."

"मंजुश्रीला विचारा की."

"तिला इचारलं तर ती चुटकीसरशी करून दील. मंग मी काय केलं? मला चालू करून तिला सांगायचं हाय. मंग ती बोलंल, पहिल्यावाणी."

मला नाही म्हणता आलं नाही. त्या तुकड्यांना काम सांगायचं तर आधी लॅपटॉपमध्ये हत्यारं मांडावी लागतात. एक हुकूम लिहायचं, एक तो तुकड्याच्या भाषेत उतरवायचं, एक वायरीतून आत धाडायचं. एखादं जरी कमी पडलं तरी गाडं अडतं. आप्पांना हे लगेच पटलं. टेबल मांडल्याशिवाय ते स्क्रूला हात लावत नाहीत.

आणि टेबल मांडायचं तर आधी देवाचं नाव. त्यांच्या कपाटावर, पेटीवर, अगदी टेस्टरवरसुद्धा ते लिहिलेलं आहे. तेव्हा कामाच्या फोल्डरलाही त्यांनी तेच नाव द्यायला लावलं, 'श्री वीरभद्रेश्वर प्रसन्न'. मीच टाइप केलं. दोघांनी नमस्कार केला, बटण दाबलं आणि पडदाभर लाल ओळी आल्या. पुढं कित्येक दिवस आम्ही हत्यारं काढत होतो, पुन्हा घालत होतो. वायर बदलली. मी लॅपटॉपला शिव्या दिल्या, आप्पांनी मला दिल्या.

हे तुकडे बनवणाऱ्यांच्या वेबसाइटवर अडलेल्यांनी प्रश्न विचारायची जागा होती. आप्पा म्हणाले, "माझं नाव नको टाकू." मग 'शिकाऊ' अशा अर्थाचं एक इंग्रजी नाव घेऊन मी पडद्याचा फोटो टाकला. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. खाली नाव होतं मंजुश्रीचं.

आप्पा मटकन स्टुलावर बसले. "वाच. मराठीत सांग."

तिनं लिहिलं होतं की घाबरू नका, सुरुवातीला सगळ्यांचं असंच होतं. फोटोत फोल्डरच्या नावाच्या जागी नुसते चौकोन दिसतात, म्हणजे ते तुम्ही तुमच्या लिपीत लिहिलं असणार. ही हत्यारं जुन्या वळणाची आहेत, त्यांना साधी इंग्रजी अक्षरं लागतात, तीही मधे जागा न सोडता. आणि शेवटी, ही चूक मीही केली होती. माझे वडील कुठल्याही कामाला आधी देवाचं नाव घालतात, तीच सवय माझ्या हाताला आहे.

आप्पांनी ते पुन्हा वाचायला लावलं. मग आणखी एकदा. "वळख ना पाळख, त्याला एवढं सांगायलीय," ते म्हणाले. "अन् मला इचारती, जेवलात का." त्यांचे डोळे भरून आले होते. मी मशीनमध्ये कागद भरत बसलो.

नाव बदलल्यावर गाडी पुढं सरकली आणि पुन्हा अडली. आप्पा प्रश्न सांगायचे, मी लिहायचो, मंजुश्री समजावून सांगायची. आप्पा दाढी करून दुकानात यायला लागले. आणि एका सकाळी तुकड्यावरचा हिरवा दिवा लागला. मी टाळ्या वाजवल्या, चहा सांगितला. आप्पा मात्र घरातलं कुणी गावाला निघाल्यासारखे त्या दिव्याकडं बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप उघडला तर परत लाल ओळी. एक हत्यारच गायब.

"आप्पा, हे कुणी काढलं?"

"मी. तू काढायचास ते बघितलं होतं."

"का?"

"चालू झाल्यावर काय इचारणार?"

मला रागच आला. "आप्पा, बाप हाय तुमी तिचा, गिऱ्हाईक न्हाई! सरळ फोन करा की!" आप्पांनी लॅपटॉप माझ्याकडं सरकवला. निमूटपणे मी प्रश्न टाकला. या खेपेला उत्तर आलं ते कुठल्याशा परक्या माणसाचं. मंजुश्री रजेवर आहे, मी सांगतो, असं लिहून त्यानं दोन ओळींत सगळं सोडवून दिलं होतं.

"रजा कशाला?" आप्पांचा चेहरा उतरला. "आजारी तर न्हाई?" त्यांनी फोन माझ्यापुढं धरला. "लाव. मला लावता येत न्हाई." आजवर इकडून फोन करायची वेळ आली तर नंबर लावायचा तो नीलाबाईंनीच. मी लावला आणि स्पीकर चालू करून त्यांच्या हातात दिला.

"आप्पा? काय झालं? आईला काय झालं?" मंजुश्रीनं एका दमात विचारलं. बापाचा फोन म्हणजे वाईट बातमी, दुसरं काही तिच्या मनात येईनाच.

"न्हाई गं, आई बरी हाय. तू बरी हाइस ना?"

"मी बरी हाय. घर बदलायलेय, म्हणून सुट्टी काढली. खरं सांगा, काय झालं?"

"काई न्हाई. तुझ्यासंगं बोलावं वाटलं."

पलीकडं खुर्ची ओढल्याचं ऐकू आलं. "बोला की, आप्पा. बसले मी."

आप्पांनी फोनवर तळहात दाबून धरला आणि माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "भुजंग, आता काय इचारू?"