दाजींचे सांबारातले कांदे

माती चाखून पाहणारा माणूस अख्ख्या भिवंडीत एकच झाला, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला आला. लूमच्या कारखान्यातली शिफ्ट संपली की दाजी पडघ्याजवळच्या आपल्या जमिनीच्या तुकड्यावर जायचे, चिमूटभर मुरूम जिभेवर ठेवायचे आणि डॉक्टरसारखं तोंड करून म्हणायचे, “अशक्तपणा हाय.” त्या मुरमात गवतसुद्धा नाइलाजानं उगवे. पण शेजारच्या तेलुगू वहिनींनी दिलेलं सांबार ताईला फार आवडलं, त्यातले बोराएवढे अख्खे कांदे तर जास्तच, आणि दाजींनी जाहीर केलं, “हे कांदे आपल्या शेतात पिकवनार!”

पहिल्या हिवाळ्यात त्यांनी नुसता गोणीतला युरिया ओतला. पात गुडघ्याला लागली, खाली कांदा शेंगदाण्याएवढा. ताई म्हणाली, “जमिनीला शेण पायजे, गोणी न्हाय.” हे दाजींना इतकं लागलं की पुढच्या वर्षी त्यांनी शेताच्या मधोमध बांधच घातला; अलीकडे तिचं शेण, पलीकडे यांची गोणी. शेणाची पोती मात्र एसटीतून तेच वाहायचे. कंडक्टर ओरडला की म्हणायचे, “बायकोचं सामान हाय, मला बोलू नका.” शेण कच्चंच निघालं, त्यातल्या हुमणीच्या अळ्यांनी मुळं खाल्ली. दाजींची नुसती पातच वाढली. दोघंही हरली, आणि एकमेकांच्या हरण्यावरून वर्षभर भांडली.

तिसऱ्या वर्षी ताई अंथरुणाला खिळली. दाजींनी एकट्यानं बांध मोडला, चांगलं कुजलेलं शेणखत मातीत मिसळलं, वर युरिया जपून, मुठीनं दिला. माघात एकेका गड्ड्याला पाच-सहा कांद्यांचा झुबका निघाला. त्यांनी स्वतः सांबार केलं, ताईला टेकून बसवलं. तिनं एक कांदा बराच वेळ तोंडात धरला. “ग्वाड हाय,” म्हणाली, पण तिला गिळवला नाही.

दाजी मला बाहेर ओट्यावर घेऊन आले. “फुकट भांडलो रे. आधीच दोन्ही एकत्र घातलं असतं, तर पोटभर खाल्लं असतं हिनं.”

उन्हाळ्यात ताई गेली. बियाण्यासाठी टांगलेल्या कांद्यांना श्रावणात कोंब फुटले. मी म्हटलं, “लावून टाका, दाजी.” कांदे काढून त्यांनी शेजारच्या वहिनींच्या ओंजळीत घातले आणि दारातच उभे राहून शेणखत किती, युरिया कधी, हे त्यांना समजावत राहिले. वहिनींकडे तुळशीपुरतीही माती नव्हती. तरी त्या मान हलवत शेवटपर्यंत ऐकत राहिल्या.