केतकीच्या सासूचं नाव

मी तळेगावात केबल चालवतो, बावीस वर्षं झाले. ह्या बावीस वर्षांत मी जेवढ्या शिव्या खाल्ल्या तेवढ्या आमच्या सरपंचानंही खाल्ल्या नसतीन. हिरोईनची आठवण गेली, का बंडूजीले फोन. हिरो बदलून दुसराच कोणी आणून उभा केला, का बंडूजीले फोन. सिरीयल एका रात्रीत सात वर्षं पुढं गेली, तर एका बाईनं मले भर बाजारात थांबवून विचारलं का मधातले सात वर्षं कुठं गेले. अरे बाप्पा, मी तार ओढतो अन् टीव्हीले जोडाचा सेट-टॉपचा डबा देतो. सिरीयल काय माह्या घरी शिजते? पण ऐकते कोण. पयले गावातले निम्मे घरं माह्याकडे होते, आता चारदोन गल्ल्या उरल्या, बाकीचे मोबाईलवर गेले. शिव्या मात्र तेवढ्याच राह्यल्या.

त्यात जयवंता काकूची गोष्ट न्यारी. बाकीचे लोक रागानं बोलतात, काकूले मात्र खरंच वाटे का टीव्ही मीच चालवतो. अन् ह्यात चूक तिची नाई, माही हाय. पंधरा-सोळा वर्षांआधी माहं स्वतःचं एक लोकल चॅनल होतं. दुपारी एक सिनेमा, अन् मधामधात गावातल्या लेकराईच्या वाढदिवसाचे फोटो. एक दिवस ऐन रंगात आलेल्या सिनेमात लाइन गेली. दुसऱ्या दिवशी सकाळीच काकू दुकानात हजर. म्हणे, त्या बाईले तिचं लेकरू भेटलं का नाई, तेवढं दाखवून दे. धंदा नवा होता, मीही जवान होतो. त्या दुपारी मी उरलेला सिनेमा पुन्हा लावला. तेव्हापासून तिच्या मनात पक्कं बसलं, का बंडूनं मनावर घेतलं तर टीव्हीवर काहीही होते.

काकू शाळेत खिचडी शिजवे. आता तेही काम सुटलं. तिचा माणूस, चंद्रभान काका, आठ वर्षांआधी गेले. पोरगा मुकेश पुण्याले कंपनीत हाय, रविवारी फोन करते. दिवसभर कोणासंग बोललं नाई तर संध्याकाळी गळ्यातून आवाज घोगरा निंघते, असं तिनंच मले एकदा सांगतलं होतं. मी हासलो होतो तेव्हा. हासाले नाई पायजे होतं.

पण सात वाजले का तिच्या घरी धुरपताबाई ये. धुरपताबाई आत्राम, मागच्याच घरची. दोघींच्या सांदवाडीच्या, म्हणजे घरामागच्या अंगणाच्या, मधात छातीएवढी मातीची भित हाय. धुरपता दिवसभर लोकाईच्या वावरात निंदाले जाते, साडेसहाले घरी येते, चुलीवर भात ठेवते अन् मोकळी होते. तिच्या घरचा टीव्ही नातवाईच्या ताब्यात. मंग ते वावरातून आणलेली तरोट्याची भाजी ओट्यात घेऊन काकूकडे ये. दोघी चटई टाकून भाजी निवडत बसत, समोर केतकीची सिरीयल. सिरीयलचं खरं नाव काही वेगळंच होतं, पण आमच्याकडे सिरीयल हिरोईनच्या नावानंच चालते. निवडलेली भाजी अर्धी तुही, अर्धी माही.

एकदा मी वायर पाहाले गेलतो तर दोघींचं भांडण सुरू. काकू म्हणे, केतकीनं नवरा सोडून खानावळ काढाव, हाताले चव हाय पोरीच्या. धुरपता म्हणे, घर कायले सोडाव, त्या सुलोचनेच्या दोन कानाखाली देऊन घरातच राहाव. सुलोचना म्हणजे केतकीची सासू. मले विचारलं तुहं काय मत, तर मी म्हटलं मले काही माहीत नाई, मी सिरीयल पाहत नाई. दोघींनी माह्याकडे असं पाह्यलं का जसा मी भात खात नाई म्हणून सांगतलं.

मंग जूनमधी चॅनलवाल्याईले काय अवदसा आठवली कोणाले माहीत. सात वाजता गाण्याची स्पर्धा आणून बसवली अन् केतकीले सहाले ढकललं. सहाले गावातली कोणती बाई रिकामी असते? मुंबईत बसून टाइम ठरवणाऱ्याईनं एक दिवस तळेगावात येऊन पाहाव. माहा फोन दिवसभर वाजत होता. काकू मात्र फोन न करता सोताच आली अन् शांतपणे म्हणे, बंडू, ते पुन्हा सातले करून दे.

मी कपायावर हात मारला. समजावून सांगतलं का हे माह्या हातात नाई. ते म्हणे, पयले केलं होतं ना. मी म्हटलं, काकू, मुकेशनं मोबाईल घेऊन देल्ला तुमाले, त्याच्यावर पाहा ना कवाही, सातले पाहा, आठले पाहा. तर ते म्हणे, एवढ्याशा काचेत दोन डोक्से कसे मावतीन? मंग म्हणाली, "मले केतकी नाई पाहाची बंडू. मले धुरपतीसंग केतकी पाहाची हाय." मी म्हटलं बरं बरं, पाहतो, अन् दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळलो.

पण बाई हुशार. तिनं रस्ता काढला. सहाले एकटीनं पाहाची, अन् सातले धुरपता आली का टीव्ही बंद करून सगळं सांगाची. कोण काय बोललं, कोण कसं रडलं, साडी कोणती होती. धुरपताले ते एवढं आवडलं का ते दुसऱ्या दिवशी वावरात निंदता निंदता संगच्या बायाईले सांगे. दहा-बारा बाया एका रांगेत निंदत, अन् धुरपता मधात. ओळ संपली तरी केतकी संपत नसे. सोयाबीनचं निंदन ह्या वर्षी लवकर झालं म्हणतात.

ऑगस्टमधी चॅनलनं केतकी बंदच केली. सहाले कोणी पाहत नाई म्हणून बंद. आता सहाले टाकली कोणं? दोन दिवसांत गुंडाळली, सुलोचनेनं माफी मांगतली, सगळ्याईनं मिळून फोटो काढला, खेल खतम. मी वाट पाहत होतो का आता जयवंता काकू येईन अन् माही खरडपट्टी काढीन. आली नाई. मले बरंच वाटलं.

महिनाभरानं धुरपता रिचार्जले दुकानात आली. त्या दिवशी सकाळपासून सिग्नल नव्हता, माहं डोकं तापलेलं. अन् ते खुशीत सांगून राह्यली, का केतकीनं खानावळ काढली, अन् काल सुलोचना तोंड लपवून तिथंच जेवाले आली, पाह्यलं का बंडूजी? माह्या तोंडून निंघून गेलं, "काल? ते सिरीयल बंद होऊन महिना झाला बाई."

तिनं हातातला मोबाईल काउंटरवर ठेवला, पुन्हा उचलला. मंग एवढंच म्हणाली, मी तर सगळ्या बायाईले सांगतलं. अन् रिचार्ज न करता चालली गेली.

चौथ्या दिवशी काकू आली. कनेक्शन काढून नेजो म्हणे. रागावली असती तर मले चाललं असतं, शिव्याईची मले सवय हाय. पण ते साध्या आवाजात बोलली अन् आवाज घोगरा होता. मी विचारलं तेव्हा सांगतलं. धुरपता त्या संध्याकाळी आली, दारातच उभी राह्यली, सिरीयल चालू हाय का बंद एवढं विचारलं. काकू बंद म्हणाली. ते न बसताच परत गेली. मी म्हटलं, काकू, पण तुम्ही महिनाभर मनानं रचून कायले सांगत होत्या?

"बंद झाली म्हणून सांगतलं असतं तर ते कायले आली असती बंडू?"

दुकान लवकर बंद करून मी धुरपताकडे गेलो. म्हटलं चूक माही हाय, जीभ हाय का तलवार. ते म्हणे, तुही काऊन, मलेच येडी समजली जयवंताबाईनं. वावरात बाया मले पाहून हासतात. अन् हासून झालं का विचारतात, पण पुढं काय झालं? मी काय सांगू? मी ते काकूले जाऊन सांगतलं. काकू म्हणे, मंग ये म्हणा ना विचाराले. दोघीही हट्टाच्या. मधात हात लांब केला तर पोचीन एवढी भित.

शेवटी मी डबा काढाले गेलो. सातचा टाइम होता. काकू घरात नव्हती, मागं सांदवाडीत भितीले लागून चटई टाकून मेथी निवडत होती. मले म्हणे, बस. मी बसलो. तिनं विचारलं, केतकीच्या मायचं नाव काय? मले माहीत नव्हतं. बावीस वर्षं केबल चालवून मले एका बाईचं नाव माहीत नव्हतं. काकूनं माह्याकडे असं पाह्यलं का मी चटईवर बसाच्या लायकीचाही नाई. पण उठ म्हणाली नाई. अर्धी मेथी माह्यासमोर सरकवली अन् सांगाले लागली, खानावळीत सुलोचना जेवाले आली तिथून पुढं. मी तिच्यापासून हातभर दूर होतो, पण ते एवढ्या जोरात सांगत होती का जसं मले ऐकू कमी येते.

भितीपलीकडे भांडे घासाचा आवाज येत होता. तो थांबला.

आज अकरा दिवस झाले. डबा अजून तिथंच हाय. मी रोज सातले दुकान बंद करून जातो, मेथी निवडतो, काकू सांगते. केतकीच्या मायचं नाव इंदू. पलीकडचे भांडे रोज थांबतात, गोष्ट संपली का पुन्हा सुरू होतात. धुरपता आली नाई.

काल काकू सासूले विमल म्हणाली. मी म्हणाले गेलो का काकू, सुलोचना, तर तिनं मेथीची काडी धरलेला हात वर करून मले गप केलं. भितीकडे तोंड करून पुन्हा एकदा, अजून जोरात, विमल म्हणाली. भितीपलीकडून कोणीतरी खाकरलं. काकूचा हात तसाच राह्यला. आम्ही दोघंही थांबलो, बराच वेळ थांबलो. पण त्याच्यापुढं सुलोचनेचं नाव काही आलं नाई.

मंग काकूनं पुढची गोष्ट सांगतली, विमलच म्हणत.